संघटनेच्या निवेदनावर आपले नाव: एका सिमेंट कंपनीच्या हवामान-लॉबिंगचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातली कंपनी, देश आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यामागची कारणे मात्र घडली तशीच ठेवली आहेत. मी त्या काळात कंपनी सचिवांच्या कार्यालयात होतो. संचालक मंडळासाठी टिपणे तयार करणे आणि बैठकांची इतिवृत्ते लिहिणे हे माझे काम. त्यामुळे पुढचे बरेचसे मी टेबलाच्या कडेला बसून पाहिले आहे, आणि एका चुकीत माझाही वाटा आहे.

पार्श्वभूमी

कंपनी सिमेंट बनवणारी, शेअर बाजारात नोंदलेली, मध्यम आकाराची. सिमेंटची अडचण माहीत नसेल तर पुढचे प्रकरण कळणार नाही, म्हणून ती आधी सांगतो. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला साधारण 7 ते 8 टक्के वाटा सिमेंटचा आहे, आणि त्यातला मोठा भाग इंधनातून येत नाही. चुनखडी भट्टीत तापली की दगडातच बांधलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो. पुढे सुमारे 1450 अंश सेल्सिअसला क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट करतात ते कठीण खडे, तयार होतो. एकूण उत्सर्जनातले साधारण 60 टक्के या दगडातूनच येते. म्हणजे कोळसा पूर्ण बंद केला, सगळी वीज सौर घेतली, तरी निम्म्याहून जास्त उत्सर्जन जागच्या जागी राहते.

ते कमी करायचे तर मुख्य वाटा दोनच. सिमेंटमधले क्लिंकरचे प्रमाण घटवायचे, किंवा सुटणारा वायू पकडून जमिनीखाली साठवायचा. दोन्ही वाटा सरकारी नियमांतून जातात. कमी क्लिंकरचे सिमेंट विकायचे तर बांधकामाच्या मानकांनी ते मान्य केले पाहिजे. वायू पकडण्याचा खर्च परवडायचा तर कार्बन हवेत सोडण्याला काही किंमत लागली पाहिजे. त्यामुळे या धंद्यात सरकारशी धोरणाविषयी बोलणे, म्हणजे लॉबिंग, ही बाजूची गोष्ट नाही. कंपनीची हवामान योजना खरी की कागदी, हे तिथेच ठरते.

आमच्या कंपनीने 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे (जेवढा कार्बन सोडू तेवढा काढून घेऊ) उद्दिष्ट जाहीर केले होते. वार्षिक अहवालात ‘पॅरिस कराराला अनुसरून कार्बनच्या किमतीला आमचा पाठिंबा आहे’ असे वाक्य होते. शिवाय भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळून केलेल्या सिमेंटसाठी कंपनीने नवी भट्टी उभारायला घेतली होती. या प्रकारात क्लिंकर साधारण निम्म्यावर येतो आणि उत्सर्जन 40 टक्क्यांपर्यंत घटू शकते. पैसा खरा गुंतला होता. उद्दिष्ट नुसते शोभेचे नव्हते, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

प्रश्न कसा वर आला

एका पेन्शन फंडाचे पत्र आले. फंड आमचा जुना भागधारक. पत्र दोन पानांचे आणि सौम्य भाषेतले होते. सरकारने उत्सर्जन व्यापार योजनेचा सुधारित मसुदा हरकती व सूचनांसाठी खुला केला होता. अशा योजनेत एकूण उत्सर्जनावर मर्यादा असते, आणि कारखान्यांना तेवढे उत्सर्जन करण्याचे परवाने विकत किंवा मोफत मिळतात. त्यावर सिमेंट उत्पादकांच्या संघटनेने दिलेले निवेदन फंडाने वाचले होते. त्यात तीन मागण्या होत्या. उत्सर्जनाची मर्यादा घट्ट करण्याचे वेळापत्रक पुढे ढकलावे. कारखान्यांना मिळणारे मोफत परवाने कोणतीही अंतिम तारीख न घालता चालू ठेवावेत. आणि बांधकाम मानकांत कमी क्लिंकरच्या सिमेंटला वाव देणारा बदल ‘तूर्त’ करू नये. निवेदनाच्या शेवटी सदस्य कंपन्यांची यादी होती. आमचे नाव त्यात चौथे.

फंडाने विचारले होते: ही मते संचालक मंडळाने मंजूर केली आहेत का? नसतील, तर ती दुरुस्त करण्यासाठी मंडळ काय करणार आहे? समाधानकारक उत्तर आले नाही, तर पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव मांडण्याचा विचार करू, असेही शेवटी होते.

ही धमकी पोकळ नव्हती. 2020 च्या मे महिन्यात शेव्हरॉन या अमेरिकी तेल कंपनीच्या सभेत हवामान-लॉबिंगवर अहवाल मागणारा ठराव व्यवस्थापनाच्या विरोधाला न जुमानता सुमारे 53 टक्के मतांनी गेला होता. 2022 च्या मार्चमध्ये स्वीडनचा एपी7 हा पेन्शन फंड, बीएनपी पारिबाची गुंतवणूक शाखा आणि चर्च ऑफ इंग्लंडचे पेन्शन मंडळ यांच्या पुढाकाराने जबाबदार हवामान-लॉबिंगचे 14 कलमी जागतिक मानक आले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने स्पष्ट म्हटले की निव्वळ शून्याचा दावा करणाऱ्याने, स्वतः किंवा संघटनेमार्फत, महत्त्वाकांक्षी हवामान धोरणाविरुद्ध लॉबिंग करू नये. आमच्या मंडळाच्या टिपणांत यातले काहीही पोचलेले नव्हते. ती टिपणे मी तयार करत होतो.

पहिला निर्णयबिंदू: उत्तराचा मसुदा

जनसंपर्क विभागाने दोन दिवसांत उत्तर तयार केले. त्यातले मुख्य वाक्य असे: ‘उद्योग संघटनेची मते ही तिच्या प्रत्येक सदस्याची मते असतीलच असे नाही.’ वाक्य खोटे नव्हते. सीईओ सही करण्याच्या बेतात होते.

कंपनी सचिवांनी ते थांबवले. त्यांनी एकच गोष्ट विचारली: “निवेदन ठरले त्या बैठकीला आपल्याकडून कोण होते?” कोणालाच सांगता येईना. संघटनेकडून इतिवृत्त मागवले, ते आठवड्याने आले. धोरण उपसमितीच्या बैठकीला आमचा प्रतिनिधी हजर होता. चर्चेत त्याचे नाव कुठेच नव्हते. शेवटी लिहिले होते: ‘मसुदा एकमताने मंजूर.’

मौनं संमतिलक्षणम्, हे वचन आपण लहानपणापासून ऐकतो. त्या दिवशी ते कंपनी कारभाराचा नियम म्हणून डोळ्यांसमोर आले. ‘असतीलच असे नाही’ असे पत्र गेले असते आणि महिन्याभराने ते इतिवृत्त बाहेर आले असते, तर सीईओंची सही असलेले पत्र शब्दशः खरे आणि अर्थाने खोटे ठरले असते. सचिवांनी फंडाला तीन ओळींचे उत्तर पाठवले: मंडळाने ही मते मंजूर केलेली नाहीत. ती कशी गेली हे आम्ही तपासत आहोत. तीन महिन्यांत सविस्तर उत्तर देऊ. या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय मला हाच वाटतो, कारण पुढच्या सगळ्याला त्याने वेळ मिळवून दिला.

तपासात काय निघाले

पहिली अडचण म्हणजे आपण कोणकोणत्या संघटनांचे सदस्य आहोत याची यादीच नव्हती. वर्गण्या वेगवेगळ्या खात्यांतून जात होत्या: काही मुख्यालयातून, काही कारखान्यांच्या किरकोळ खर्चातून, एक तर प्रशिक्षण खर्चाखाली. लेखा विभागाकडून दोन वर्षांच्या पावत्या काढून यादी जुळवली, ती 19 संघटनांची झाली. शासन संपर्क विभागाला त्यातल्या 11 माहीत होत्या.

दुसरी अडचण प्रतवारीची. प्रत्येक संघटनेची भूमिका आमच्या जाहीर भूमिकेशी सुसंगत, अंशतः विसंगत की विसंगत, हे ठरवायचे होते. रणनीती विभागाने पहिल्या फेरीत 19 पैकी 17 संघटना सुसंगत ठरवल्या. मला आश्चर्य वाटले, म्हणून त्यांनी काय वाचले ते पाहिले. त्यांनी संघटनांची संकेतस्थळे वाचली होती. संकेतस्थळावर प्रत्येक संघटना पॅरिस कराराची पाठीराखी असते. सिमेंट संघटनेच्या पहिल्याच पानावर हिरवे पान होते.

दुसऱ्या फेरीत आम्ही संकेतस्थळे बाजूला ठेवली आणि मागच्या तीन वर्षांत प्रत्येक संघटनेने सरकारी मसुद्यांवर दिलेली निवेदने, संसदीय समित्यांपुढची साक्ष आणि मंत्रालयांना लिहिलेली पत्रे मिळतील तेवढी मिळवली. इन्फ्लुएन्समॅप ही लंडनमधली संस्था कंपन्या आणि संघटनांच्या लॉबिंगला ए प्लसपासून एफपर्यंत श्रेणी देते. तिचाही भर अशा प्रत्यक्ष पुराव्यावरच असतो. या फेरीनंतर चार संघटना विसंगत ठरल्या आणि सहा अंशतः विसंगत. जे लोक हे काम पहिल्यांदा करणार आहेत त्यांना माझा आग्रहाचा सल्ला एवढाच आहे, की मसुद्यावरच्या हरकती वाचा.

तिसरी गोष्ट सर्वांत बोचरी होती. मानकांतल्या बदलाला झालेला विरोध आमच्याच नव्या भट्टीच्या मुळावर येणारा होता. आम्ही कमी क्लिंकरच्या सिमेंटवर पैसे लावत होतो आणि ते विकता येऊ नये यासाठीही वर्गणी भरत होतो. उजव्या हाताने लावलेले रोप डाव्या हाताने उपटण्याचा हा प्रकार, आणि दोन्ही हात एकाच ताळेबंदातले.

पर्याय आणि त्यांची तोलणी

संचालक मंडळापुढे चार वाटा ठेवल्या गेल्या.

संघटना सोडणे ही पहिली. त्याला दाखले होते. बीएचपी या खाणकंपनीने 2017 मध्ये भागधारकांच्या दबावानंतर आपल्या संघटनांचा आढावा घेतला आणि 2018 मध्ये जागतिक कोळसा संघटना सोडली. त्याच आढाव्यानंतर अमेरिकेच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये मात्र ती राहिली. शेलने 2019 मध्ये 19 संघटना तपासून एक सोडली, ती अमेरिकेतल्या तेलशुद्धीकरण आणि पेट्रोरसायन उत्पादकांची. आमच्याही यादीत 19 संघटना निघाल्या, हा योगायोग. त्याही आधीचे उदाहरण 1989 मध्ये स्थापन झालेल्या ग्लोबल क्लायमेट कोअलिशनचे. हवामान धोरणाविरुद्ध उभ्या असलेल्या या आघाडीतून 1997 मध्ये बीपी आणि 1998 मध्ये शेल बाहेर पडली, मग इतरही, आणि 2002 मध्ये ती आघाडी बंद झाली. एका स्वतंत्र संचालकांनी याच उदाहरणावर जोर दिला. त्यांचे म्हणणे असे की मोठी नावे गेली की संघटनेचे वजन जाते.

कारखान्यांच्या प्रमुखांचे म्हणणे वेगळे होते, आणि तेही हलके नव्हते. सिमेंट संघटना धोरणाचे काम करते तसेच भट्टीवरच्या अपघातांची माहिती सगळ्या कंपन्यांकडून गोळा करते. तिची चाचणी प्रयोगशाळा आहे, कामगारांचे सुरक्षा प्रशिक्षण आहे. बाहेर पडलो तर हे सगळे एकट्याने उभे करावे लागेल. शिवाय मानके ठरवणाऱ्या समितीत उद्योगाच्या जागा संघटनेकडूनच भरल्या जातात. सोडली तर आमच्या नव्या सिमेंटची बाजू मांडायला तिथे कोणीच नसेल.

दुसरी वाट आतून, गाजावाजा न करता मन वळवण्याची. शासन संपर्क विभागाला हीच पसंत होती. यात कोणी दुखावत नाही. पण काही घडले नाही तर ते कोणाला कळतही नाही. वित्त समितीच्या अध्यक्षा म्हणाल्या, “गेली तीन वर्षे आपण आतच होतो. आतून किती बोललो, ते इतिवृत्तात दिसले.”

तिसरी वाट राहायचे, पण उघडपणे वेगळे मत नोंदवायचे: संघटनेच्या कागदावर भिन्नमताची नोंद मागायची आणि सरकारला कंपनीचे स्वतंत्र निवेदन द्यायचे. चौथी वाट समविचारी कंपन्यांची वेगळी आघाडी उभारण्याची. ही चौथी वाट कायदा विभागाने सावधपणे हाताळायला सांगितली. सरकारपुढे एकत्र मत मांडण्याला हरकत नाही. पण प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र बसून कोणत्या संघटनेतून कधी बाहेर पडायचे, उत्पादन किती आणि किंमत काय याकडे बोलणे वळवले, तर स्पर्धा कायद्याचा प्रश्न येतो. हा मुद्दा अनेकदा कारण म्हणून पुढे केला जातो, तेव्हा त्याचा आवाका नेमका किती हे वकिलांकडून लेखी घ्यावे. आम्ही घेतले, आणि तो वाटला होता त्यापेक्षा बराच लहान निघाला.

दुसरा निर्णयबिंदू: आपली भूमिका नेमकी काय

चर्चा रंगात आली असताना सीईओंनी एक प्रश्न केला, त्याने सगळे थबकले. “संघटनेचे चुकले हे ठीक. पण मोफत परवाने कधी बंद व्हावेत, याविषयी आपले मत काय?”

मत नव्हते. ‘कार्बनच्या किमतीला पाठिंबा’ या वाक्यात वर्ष नव्हते, आकडा नव्हता, अट नव्हती. अशा वाक्याशी कोणतेही निवेदन सुसंगत दाखवता येते. मोफत परवान्यांमागे खरा प्रश्न आहे, हेही मान्य करायला हवे. एका देशात कार्बनला किंमत असेल आणि शेजारी नसेल, तर क्लिंकर शेजारून आयात होतो. उत्सर्जन तेवढेच राहते, फक्त त्याचा पत्ता बदलतो. युरोपीय संघाने यावर सीमेवर कार्बन आकारणीचा, म्हणजे आयात मालावरही त्यातल्या कार्बनची किंमत लावण्याचा, मार्ग काढला. त्याचा संक्रमण टप्पा 1 ऑक्टोबर 2023 ला सुरू झाला, त्यात सिमेंट आहे, आणि त्याबरोबर मोफत परवाने टप्प्याटप्प्याने 2034 पर्यंत संपवायचे ठरले. म्हणजे चिंता खरी असली, तरी ‘अंतिम तारीख नको’ हे त्याचे एकमेव उत्तर नाही.

यानंतर मंडळाने सहा आठवडे घेतले आणि चार पानांचे भूमिकापत्र मंजूर केले. त्यात ठरले: मोफत परवान्यांना ठरलेली अंतिम तारीख हवी, तिच्या सोबतीने सीमेवर आकारणी हवी. मानके सिमेंटमध्ये काय घातले आहे यावरून नव्हे, तर ते किती भार पेलते आणि किती टिकते यावरून ठरावीत. मर्यादेचे वेळापत्रक पुढे ढकलू नये. प्रत्येक मुद्द्यापुढे कंपनी किती मागे हटू शकते याची सीमाही लिहिली होती. ही सीमा फार उपयोगी पडली. सरकारी मसुद्यावर हरकतींसाठी बहुधा काही आठवड्यांचीच मुदत असते, आणि मंडळ भरते तिमाहीला एकदा. प्रत्येक निवेदन मंडळापुढे नेणे शक्य नाही. सीमेच्या आतले निवेदन सीईओ आणि कंपनी सचिव दोघांच्या सहीने जाईल, सीमेबाहेरचे अध्यक्षांना विचारल्याशिवाय जाणार नाही, असा नियम झाला.

जबाबदारी कोणत्या समितीची यावर बरीच ओढाताण झाली. शाश्वतता समितीला विषय कळतो, पण तिच्या हाती अधिकार कमी. लेखापरीक्षण समितीचा दरारा आहे, पण तिच्या कार्यसूचीत आधीच श्वास घ्यायला जागा नाही. शेवटी भूमिका पूर्ण मंडळाची, वार्षिक आढावा शाश्वतता समितीचा, आणि आढाव्यातली माहिती खरी आहे का हे पाहण्याचे काम अंतर्गत लेखापरीक्षकांचे, अशी वाटणी झाली. ती अजून टिकून आहे.

प्रत्यक्ष कृती

मंडळाने तिसरी वाट निवडली, आणि तिला मुदत घातली. सिमेंट संघटनेच्या अध्यक्षांना आमच्या अध्यक्षांनी पत्र लिहिले. विसंगतीचे तीन मुद्दे आणि आमची भूमिका त्यात होती, आणि 12 महिन्यांत बदल दिसला नाही तर सदस्यत्वाचा फेरविचार करू, हेही होते. हरकतींची दुसरी फेरी खुली झाली तेव्हा कंपनीने स्वतःचे निवेदन दिले आणि ते त्याच दिवशी जाहीर केले. 19 संघटनांची यादी, प्रत्येकीची प्रतवारी आणि त्यामागचा पुरावा वार्षिक अहवालासोबत छापला. वर्गणीच्या रकमाही टाकाव्यात की नाही, यावर मंडळात मतदान झाले. एका मताने ‘टाकाव्यात’ असे ठरले.

उरलेल्या तीन विसंगत संघटनांपैकी एका लहान प्रादेशिक संघटनेचे सदस्यत्व आम्ही पुढे चालू ठेवले नाही. दुसऱ्या दोघींना असेच पत्र गेले.

आणि मग आमच्या प्रतिनिधीचा विषय आला. त्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे.

हे गृहस्थ कारखान्यातून वर आलेले, भट्टीवर आयुष्य काढलेले अभियंते. उपसमितीवर त्यांची नेमणूक नऊ वर्षांपूर्वी झाली होती, एका तोंडी सूचनेने. तपास सुरू झाल्यावर त्यांच्याकडे बोट दाखवले गेले. मी स्वतः पहिल्या टिपणात ‘प्रतिनिधीने भिन्नमत नोंदवले नाही’ असे लिहिले. वाचणाऱ्याने त्यातून जो अर्थ घ्यायचा तो घेतला. त्यांना बोलावून विचारायला आम्हाला दोन महिने लागले. ते शांतपणे म्हणाले, “कंपनीचे मत काय, हे मला नऊ वर्षांत कोणी कळवलेच नाही. मसुदा आला की मी तो शासन संपर्क विभागाकडे पाठवायचो. उत्तर यायचे नाही. मग मी गप्प बसायचो, कारण माझे स्वतःचे मत कंपनीच्या नावाने देणे मला बरोबर वाटत नव्हते.” त्यांनी पाठवलेले ईमेल आम्ही शोधले. सगळे होते. नव्या सिमेंटच्या मानकाबद्दल त्यांनी दोनदा स्पष्ट लिहिले होते की हा विरोध आपल्याला महागात पडेल.

ते ईमेल न उघडण्यामागचे कारण शोधताना शेवटची गाठ सुटली. शासन संपर्क विभागाच्या प्रमुखांच्या वार्षिक बोनसच्या निकषांत एक ओळ होती: ‘नियामक खर्चाची वाढ टाळणे किंवा पुढे ढकलणे’. ती निव्वळ शून्याचे उद्दिष्ट येण्याच्या कितीतरी आधीची, आणि दरवर्षी जशीच्या तशी पुढच्या वर्षात उतरवलेली. मानधन समितीने ती प्रत्येक वर्षी मंजूर केली होती. म्हणजे संचालक मंडळ एका समितीत उत्सर्जन घटवण्याचा ठराव करत होते आणि दुसऱ्या समितीत त्याच्या विरुद्ध कामाचे पैसे मंजूर करत होते. विभागप्रमुखांनी नेमून दिलेले काम चोख केले होते. संघटनेचे निवेदन त्यांच्या दृष्टीने यश होते.

ती ओळ त्या वर्षी काढली. जागी ‘मंजूर भूमिकापत्रानुसार काम’ हा निकष आला.

परिणाम

परिणाम संमिश्र आहेत, आणि ते तसेच सांगतो.

भागधारक फंडाने ठराव मांडला नाही. संघटनेने मानकांतल्या बदलाचा विरोध मागे घेऊन ‘तटस्थ’ भूमिका घेतली. इतर दोन सदस्य कंपन्यांनाही तेच हवे होते, फक्त आधी कोणी बोलले नव्हते. वेळापत्रकाचा विरोध मात्र संघटनेने सोडला नाही. आमचे भिन्नमत निवेदनाच्या शेवटी तळटीप म्हणून आले, बारीक अक्षरांत. आमच्या प्रतिनिधीला धोरण उपसमितीतून वर्षभर वगळले गेले, आणि काही जुन्या सहकाऱ्यांनी त्यांच्याशी बोलणे कमी केले. हा भार एका माणसाने उचलला, आणि कंपनीने त्याची पुरेशी दखल घेतली असे मला वाटत नाही.

सरकारने मानके बदलली. उत्सर्जन मर्यादेचे वेळापत्रक एक वर्षाने पुढे गेले. यातल्या कशात आमच्या निवेदनाचा किती हात होता, असा दावा मी करणार नाही. अनेकांनी अनेक बाजूंनी लिहिले होते.

12 महिन्यांची मुदत संपली तेव्हा मंडळाने सदस्यत्व चालू ठेवले. दोन संचालकांनी विरोधात मत दिले. त्यांचे म्हणणे असे की एका मुद्द्यावर तटस्थता मिळाली म्हणून दुसऱ्या मुद्द्यावरचा विरोध माफ होत नाही, आणि मुदत घालून ती पाळायची नसेल तर पुढच्या पत्राला कोणी भीक घालणार नाही. मी त्या दोघांशी सहमत होतो, आजही आहे. बहुमताने सुरक्षा प्रशिक्षण आणि मानक समितीतली जागा यांना जास्त वजन दिले. तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

दुसऱ्या वर्षीच्या आढाव्यात एक गोष्ट खटकली. विसंगत संघटना चारवरून एकवर आल्या होत्या, आणि ‘अंशतः विसंगत’ सहावरून नऊवर गेल्या होत्या. अंतर्गत लेखापरीक्षकांनी नमुना म्हणून तीन फायली उघडल्या. दोन ठिकाणी संघटनेची भूमिका अजिबात बदललेली नव्हती. प्रतवारी तेवढी सौम्य झाली होती, कारण ‘विसंगत’ म्हटले की पत्र लिहावे लागते आणि मुदत घालावी लागते. कोणाचा वाईट हेतू दिसला नाही. पण मधला कप्पा सोयीचा असला की कागद तिकडेच वाहत जातात. त्यानंतर ‘अंशतः’ प्रतवारी सलग दोन वर्षांपेक्षा जास्त देता येणार नाही, असा नियम केला.

वेगळे काय करता आले असते

सुरुवात बोनसच्या निकषांपासून करायला हवी होती. ती आम्ही शेवटी केली, आणि तीही अपघाताने. लॉबिंगची धोरणे, समित्या, प्रतवाऱ्या उभ्या करण्याआधी एक दिवस मानधन समितीच्या फायलींत घालवला असता, तर प्रश्न कुठून वाहतो ते तिथेच दिसले असते.

प्रतिनिधीला पहिल्या दिवशी विचारायला हवे होते. इतिवृत्तातल्या मौनाचा अर्थ आम्ही त्यांना न विचारता लावला. माझ्या टिपणातले ते वाक्य मी आज असे लिहीन: ‘प्रतिनिधीला कंपनीची भूमिका कळवल्याची कोणतीही नोंद आढळत नाही.’ वस्तुस्थिती दोन्ही वाक्यांत खरी आहे, पण पहिल्यात एक माणूस उभा केला जातो आणि दुसऱ्यात एक कंपनी.

संघटनेला पत्र लिहिताना मुदतीबरोबर मोजमापही लिहायला हवे होते. ‘बदल दिसला नाही तर’ यात किती बदल, कोणत्या मुद्द्यावर, हे सांगितले नव्हते. त्यामुळे 12 महिन्यांनी प्रत्येकाला आपल्याला हवा तो बदल दिसला. तीन मुद्द्यांपैकी कोणता मुद्दा सोडणे आम्हाला चालणार नाही, हे आधी ठरवले असते तर ते मतदान वेगळे झाले असते.

आणि एक भाग तेव्हा सुटलाच. आढाव्यात संघटना होत्या, सल्लागार कंपन्या नव्हत्या. तीच सल्लागार कंपनी आमच्यासाठी भूमिकापत्रावर आणि दुसऱ्या एका सदस्यासाठी वेळापत्रकाच्या विरोधावर काम करत होती, हे तिसऱ्या वर्षी उघड झाले. अभ्याससंस्थांना दिलेल्या देणग्या आणि विद्यापीठांतल्या प्रायोजित संशोधनाचे पैसे अजूनही यादीबाहेर आहेत. युरोपीय संघाने 2023 मध्ये स्वीकारलेल्या शाश्वतता अहवालाच्या मानकांत राजकीय प्रभाव आणि लॉबिंगविषयी माहिती देण्याची तरतूद आली, तेव्हा हा विषय पुन्हा मंडळापुढे गेला. ती यादी करायचे ठरले आहे.

ते अभियंते निवृत्त झाले. जाण्याआधी त्यांनी उपसमितीची नऊ वर्षांची फाईल माझ्याकडे आणून दिली, प्रत्येक मसुद्यावर पेन्सिलीने केलेल्या टिपांसह. त्यांच्या जागी आलेल्या बाईंना लेखी नेमणूकपत्र मिळाले. भूमिकापत्राची प्रत त्याला जोडलेली आहे, बैठकीत कंपनीचे मत मांडणे आणि ते इतिवृत्तात आले आहे का हे पाहणे ही जबाबदारी त्यात लिहिली आहे, आणि सूचना मागवल्यास मुख्यालयाने पाच दिवसांत उत्तर दिले पाहिजे, हेही. पहिल्या बैठकीहून परतल्यावर त्यांनी इतिवृत्तातल्या एका परिच्छेदाला दुरुस्ती सुचवली. ‘एकमताने’ हा शब्द काढून ‘बहुमताने’ घालावा, अशी.